दिल्लीचा चांदनी चौक: पाहुण्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं दिल्लीत राहतेय, त्यामुळे गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला चांदनी चौक फिरवून आणायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. लाल किल्ला लोक आपापला बघून येतात. या रस्त्यावर पाऊल ठेवलं की मात्र प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, आणि प्रश्न दरवेळी तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले. आधीच सांगून ठेवते, यातल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर "होतं, आता नाही" एवढंच आहे.

चांदनी चौक, चांदनी चौक म्हणतात, तो चौक आहे तरी कुठे?

टाउन हॉलच्या समोर, जिथून दक्षिणेकडे नई सडक फुटते, तिथे. पण तिथे उभं राहिलात तरी चौक दिसायचा नाही. रिक्षा, हातगाड्या आणि कबुतरं दिसतील.

शाहजहानची थोरली मुलगी जहांआरा बेगम हिने १६५० साली या रस्त्याच्या मध्यावर एक प्रशस्त चौक काढला आणि त्यात पाण्याचा हौद बांधला. हौदात चांदणं पडायचं, म्हणून चांदनी चौक, असं बहुतेक जण सांगतात. दुसरं मत असं की चांदीच्या व्यापाऱ्यांवरून हे नाव पडलं. मला पहिलंच पटतं, कारण चांदीचा बाजार दरीबा कलां गल्लीत, म्हणजे चौकापासून बराच किल्ल्याच्या बाजूला आहे.

पूर्वी या रस्त्याच्या तुकड्यांना वेगवेगळी नावं होती. किल्ल्याजवळचा उर्दू बाजार (उर्दू म्हणजे मूळ लष्कराची छावणी), पुढे जोहरी बाजार, मग चांदनी चौक आणि शेवटी फतेहपुरी बाजार. हळूहळू मधल्या चौकाच्या नावाने बाकीची नावं गिळली. गंमत म्हणजे, नाव अख्ख्या रस्त्याला मिळालं आणि चौक स्वतः मात्र नाहीसा झाला.

रस्ता नेमका किती जुना?

शाहजहानने राजधानी आग्र्याहून दिल्लीला आणायचं ठरवलं आणि १६३९ मध्ये लाल किल्ल्याचं काम सुरू झालं. १६४८ मध्ये बादशहा राहायला आला. किल्ल्याभोवती वसलं ते शाहजहानाबाद, आणि किल्ल्याच्या लाहोरी दरवाजातून सरळ पश्चिमेला जाणारा हा त्याचा मुख्य रस्ता. जुन्या वर्णनांतले आकडे असे: लांबी १५२० यार्ड, रुंदी ४० यार्ड, दुकानं १५६०. चाळीस यार्ड म्हणजे साधारण ३६ मीटर. साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढा रुंद बाजाररस्ता काढणाऱ्यांची नजर लांबची होती, हे मान्य करावंच लागतं. रस्त्याच्या एका टोकाला बादशहाचा दरवाजा आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या एका बेगमेने १६५० मध्ये बांधलेली फतेहपुरी मशीद. बादशहाची स्वारी निघायची ती याच रस्त्याने.

मधून कालवा वाहायचा म्हणे. खरं का?

अगदी खरं. रस्त्याच्या मधोमध पाणी, दोन्ही बाजूंना झाडं आणि त्यापलीकडे दुकानं. यमुनेचं पाणी दिल्लीच्या बरंच वर अडवून कालव्याने शहरात आणलं होतं. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात खणलेला कालवा शाहजहानच्या काळात दुरुस्त करून, वाढवून इथवर पोचवला. त्या कामाशी अली मर्दान खान या सरदाराचं नाव जोडलेलं आहे. हेच पाणी पुढे किल्ल्यातल्या महालांमधून खेळायचं, आणि तिथे त्याला नहर-ए-बहिश्त, म्हणजे स्वर्गातला कालवा, म्हणत.

अठराव्या शतकात राज्यच खिळखिळं झालं. कालव्यातला गाळ कोण काढणार? पाणी आटलं. इंग्रजांनी १८२० च्या सुमारास कालवा पुन्हा सुरू केला, पण पुढे तो कायमचा बुजला. आज त्याचा मागमूस नाही. जिथे पाणी वाहायचं तिथे आता लाल दगडाचा दुभाजक आहे.

मग मुघलांच्या वेळचं आज काय शिल्लक आहे?

दोन्ही टोकं, दोन मशिदी आणि रस्त्याची सरळ रेघ. मशिदी म्हणजे टोकाची फतेहपुरी आणि सीसगंज गुरुद्वाऱ्याला लागून असलेली छोटी सुनहरी मशीद (१७२१). बाकी तुम्हाला "मुघल हवेली" म्हणून जे दाखवतात ते बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं आहे. गाइडचं मन मोडू नका, पण विश्वासही ठेवू नका.

खरी उलथापालथ झाली ती १८५७ नंतर. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी किल्ल्यासमोरची वस्ती साफ पाडली, तोफांच्या माऱ्याला मोकळं मैदान हवं म्हणून. जुना उर्दू बाजार त्यात गेला. आज आपण लाल जैन मंदिरापासून चांदनी चौक सुरू झाला असं समजतो, पण मूळ रस्ता तिथून पुढे थेट किल्ल्याच्या दरवाजाला भिडत होता. जहांआराने बांधलेली भव्य सराई पाडली आणि त्या जागी आजचा टाउन हॉल उभा राहिला. तिची बाग आधी ‘क्वीन्स गार्डन’ झाली आणि नंतर गांधींच्या नावाची. राणी बदलली, मग राष्ट्रपिता आले, पण जहांआराचं नाव तिथे कुणाच्या तोंडी नाही. नई सडकसुद्धा त्याच काळात वस्ती चिरून काढली. तेव्हा ती ‘एगर्टन रोड’ होती. आता तिथे शालेय पुस्तकं आणि साड्या मिळतात. पुस्तकांच्या भागात शिरलात की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आल्यासारखं वाटेल, फक्त इथे घासाघीस जास्त.

फतेहपुरी मशिदीची गोष्ट तर आणखी अजब. इंग्रजांनी ती चक्क लिलावात काढली आणि लाला चुन्नामल या कापडाच्या व्यापाऱ्याने विकत घेतली. त्याने ती पाडली नाही. १८७७ मध्ये ती पुन्हा मुसलमानांच्या ताब्यात आली. चुन्नामलची हवेली रस्त्यावर अजून उभी आहे.

मराठ्यांचा आणि या रस्त्याचा काही संबंध?

हा प्रश्न आपल्याकडचा माणूस हमखास विचारतो, आणि विचारावाच.

शिवमंदिरापासून सुरुवात करू. लाल जैन मंदिराला लागून गौरीशंकर मंदिर आहे. ते आप्पा गंगाधर या मराठ्याने बांधलं. तो शिंद्यांच्या चाकरीत होता. साल सांगतात १७६१, म्हणजे पानिपताचंच वर्ष. आज देऊळ पूर्ण संगमरवरी, नवं दिसतं. जाता-येता रोज हजारो लोक हात जोडतात, पण आप्पा गंगाधर हे नाव माहीत असलेला माणूस तुम्हाला दिवसभर शोधून सापडायचा नाही.

त्याआधीची गोष्ट १७१९ ची. पेशवे बाळाजी विश्वनाथ मुघल सरदार सय्यद हुसेन अलीबरोबर मराठी फौज घेऊन दिल्लीला आले होते. फर्रुखसियर बादशहाला पदच्युत करण्याच्या त्या गोंधळात, फेब्रुवारीच्या अखेरीस, शहरातल्या जमावाने मराठी स्वारांवर हल्ला केला. दीड हजाराच्या आसपास आपली माणसं दिल्लीच्या रस्त्यांवर कापली गेली. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्या मोहिमेचं फलित येतं: चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, येसूबाई सुटून आल्या. त्याची किंमत कुठे मोजली गेली ते इथे उभं राहिलं की कळतं.

पुढे १७५७ मध्ये रघुनाथरावांच्या फौजा दिल्लीत शिरल्या. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी शहर आणि किल्ला घेतला आणि पैशाची इतकी तंगी होती की दिवाण-ए-खासचं, म्हणजे किल्ल्यातल्या खास दरबाराचं, चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली. त्यावरून अजून वाद होतात. माझं म्हणणं एवढंच, की उपाशी फौजेपुढे चांदीचं छत कुणी फार दिवस टिकू दिलं नसतं. १७८८ मध्ये गुलाम कादिर या रोहिल्याने शाहआलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला हुसकावून बादशहाला परत गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांच्या फौजेने. त्यानंतर दिल्लीवर शिंद्यांचाच अंमल होता. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि शहर इंग्रजांकडे गेलं. म्हणजे इंग्रजांनी दिल्ली मुघलांकडून घेतली असं म्हणतात ते अर्धंच खरं. घेतली ती आपल्याकडून.

इथे खूप कत्तली झाल्या म्हणतात. नेमकं काय घडलं?

ज्या रस्त्यावरून स्वारी निघते, त्याच रस्त्यावर धाकही बसवला जातो. चांदनी चौकात हे पुन्हा पुन्हा झालं.

१६५९ मध्ये औरंगजेबाने आपला पराभूत भाऊ दारा शुकोह याला मळक्या कपड्यांत, हत्तीवर बसवून भर बाजारातून फिरवलं. फ्रेंच प्रवासी बर्निये त्या वेळी तिथे होता. बायका-पोरं धाय मोकलून रडत होती, पण कुणी तलवार उपसली नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. थोड्याच दिवसांत दाराला मारलं.

१६७५ मध्ये याच रस्त्यावर शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. सीसगंज गुरुद्वारा त्याच जागी आहे. आज तिथे रोज कीर्तन आणि लंगर चालतं. त्यांच्याबरोबर हौतात्म्य पत्करलेल्या भाई मतीदास यांचं नाव समोरच्या कारंज्याच्या चौकाला दिलंय. म्हाताऱ्या दिल्लीकरांसाठी मात्र तो ‘फव्वारा’च.

मार्च १७३९ मध्ये इराणहून चालून आलेल्या नादिरशहाने गुरुद्वाऱ्याशेजारच्या त्या इवल्याशा सुनहरी मशिदीत बसून कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारो माणसं मारली गेली. मशीद इतकी लहान आणि रस्त्यापासून इतकी वर आहे की लोक खालून निघून जातात, मान वर करत नाहीत.

आणि १८५७ चा सप्टेंबर. कॅप्टन हॉडसनने बहादूरशहाच्या दोन मुलांना आणि एका नातवाला गोळ्या घातल्या आणि प्रेतं इथल्या कोतवालीसमोर, म्हणजे पोलीस ठाण्यासमोर, आणून टाकली. मग फाशीचे खांब उभे राहिले आणि कित्येक दिवस फाशी देणं चालू होतं. ती कोतवालीही आता नाही. तिची जागा गुरुद्वाऱ्यात गेली.

व्हाइसरॉयवर बॉम्ब टाकला तो इथेच ना?

हो. २३ डिसेंबर १९१२. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्यावर लॉर्ड हार्डिंज हत्तीवरून वाजतगाजत शहरात शिरत होता. मुघलांचाच थाट आणि मुघलांचाच रस्ता. बॉम्ब फुटला, हार्डिंज जखमी झाला, मागे छत्र धरून बसलेला सेवक ठार झाला. कटाचे सूत्रधार रासबिहारी बोस निसटले आणि पुढे जपानला गेले. बसंतकुमार विश्वास, मास्टर अमीरचंद, अवधबिहारी आणि बालमुकुंद यांना १९१५ मध्ये फाशी झाली.

घंटाघर कुठाय? सगळे रिक्षावाले ‘घंटाघर’ म्हणतात.

म्हणतात, पण नाही. जहांआराच्या हौदाच्या जागी इंग्रजांनी १८७० च्या सुमारास घड्याळाचा मनोरा बांधला. १९५१ मध्ये त्याचा वरचा भाग कोसळून माणसं दगावली आणि मग उरलेला उतरवला. मनोरा जाऊन सत्तर वर्षं उलटली तरी पत्ता तोच. रिक्षात बसून बिनधास्त "घंटाघर" सांगा, नसलेल्या घड्याळाखाली बरोबर उतरवतील.

जवळच टाउन हॉलसमोर स्वामी श्रद्धानंदांचा पुतळा आहे. तिथे आधी व्हिक्टोरिया राणी होती. ३० मार्च १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्धच्या मोर्चात याच घंटाघरापाशी श्रद्धानंद सैनिकांच्या संगिनींसमोर छाती काढून उभे राहिले होते. पुतळा बदलताना जागा चांगली निवडली.

इथे ट्राम होती का?

होती. १९०८ ते १९६३.

कटरा, कूचा, गली, फाटक... फरक काय?

आपल्याकडच्या पेठ, आळी, बोळ, वाडा यांची ही चुलत भावंडं समजा. कटरा म्हणजे एका दरवाजाच्या आत, अंगणाभोवती वसलेला एकाच धंद्याचा बाजार. कटरा नीलमध्ये कापड. कूचा म्हणजे एका पेशाच्या किंवा एका गटाच्या लोकांची गल्ली. कूचा महाजनीत सोन्याचे सौदे चालतात. फाटक म्हणजे रात्री बंद होणारा मोहल्ल्याचा दरवाजा. लाकडी दारं बहुतेक ठिकाणी गेली, पण कमान आणि नाव टिकून आहे.

मुख्य रस्त्यावरच्या विजेच्या तारा आता जमिनीखाली गेल्यात. गल्लीत शिरलात की त्या परत भेटतात, डोक्याच्या अगदी वर, झाडावरच्या अमरवेलीसारख्या. किनारी बाजारात मुंडावळ्यांच्या दिल्लीकर बहिणी, म्हणजे सेहरे, जरीचे काठ, गोटा आणि नोटांचे हार एवढे लटकलेले असतात की तारा त्यांतच हरवतात. लग्नघरातल्या बायकांना तिथे सोडायचं असेल तर परत यायची वेळ आधी ठरवून घ्या. मी हे अनुभवाने सांगतेय.

खारी बावलीत बावली दाखवाल का?

नाही, कारण तीही नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यात, सूरी राजवटीत, म्हणजे शाहजहानाबादच्याही आधी, इथे खारट पाण्याची पायऱ्यांची विहीर होती. फतेहपुरी मशिदीच्या मागे तिच्या नावाचा रस्ता उरला, आणि तो आज देशातला मोठा घाऊक मसाला बाजार आहे.

विहिरीऐवजी गडोदिया मार्केटचा जिना चढा. खाली अंगणात मिरचीची पोती उतरतात. पाठीवर पोतं घेतलेला हमाल खोकतो, त्याच्यामागचा खोकतो, दुकानदार हिशेब लिहिता लिहिता खोकतो आणि तिसऱ्या पायरीवर तुम्हीही खोकायला लागता. ओढणी, रुमाल जे असेल ते नाकाला लावा. गच्चीवर पोचलात की फतेहपुरीचा घुमट आणि सगळं जुनं शहर दिसतं. खाली परत ठसका आहेच.

पराठेवाली गली एवढी गाजलेली, तिथे जावं का?

एकदा जावं. पूर्वी ही गल्ली चांदीच्या भांड्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पराठ्यांची दुकानं आली आणि तिचं नाव बदललं. आता मोजकीच उरलीत. पराठा तव्यावर भाजत नाहीत, पसरट कढईत तळतात. कांदा-लसूण नाही.

एक सावधगिरी. माझ्या मावशीने "सीताफल की सब्जी" ऐकलं आणि ती खूश झाली. पुढ्यात आला तांबडा भोपळा. दिल्लीत सीताफल म्हणजे भोपळाच. मावशीने तो मुकाट्याने खाल्ला, पण पुण्याला परत गेल्यावर सगळ्यांना सांगितलं ते तेवढंच. लाल किल्ल्याबद्दल एक शब्द नाही.

गालिबचं घर इथून लांब आहे का?

चालत पाच-दहा मिनिटं. बल्लीमारानमध्ये शिरून गली कासिमजान विचारा. चष्म्याच्या आणि चपलांच्या दुकानांमधून वाट काढत जावं लागतं. उर्दू शायर मिर्झा गालिब शेवटची वर्षं इथे राहिले आणि १५ फेब्रुवारी १८६९ रोजी वारले. घराचा थोडाच भाग स्मारक म्हणून राखलाय. १८५७ नंतर शहर कसं ओस पडलं, ओळखीचे किती गेले, हे त्यांच्या पत्रांत वाचलेलं असेल तर त्या छोट्या अंगणात जरा थांबावंसं वाटतं. नसेल तर दोन मिनिटांत बघून होतं.

आणि बेगम समरूचा महाल?

सरधन्याची राणी बेगम समरू हिचा महाल तोच आता भागीरथ पॅलेस, विजेच्या सामानाचा घाऊक बाजार. दिव्यांच्या माळांच्या ढिगाऱ्यामागे ग्रीक धाटणीचे उंच खांब दिसतील. दिसले तर.

गाड्या कधीपासून बंद झाल्या?

नव्याने केलेला रस्ता १२ सप्टेंबर २०२१ रोजी खुला झाला. जैन मंदिर ते फतेहपुरी हा सव्वा-दीड किलोमीटरचा पट्टा सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांना बंद, हा नियम. नियमाचं पालन किती होतं ते तुम्हीच बघा. मोटरसायकलवाल्याने पाठीमागून हॉर्न दिला तर मला बोल लावू नका. तरीही फरक पडलाच. पूर्वी नजर सतत खाली, चाकांवर असायची.

पुण्याच्या चांदणी चौकाचं काय?

दिल्लीचा चांदनी, पुण्याचा चांदणी. एका ‘न’चा फरक. पुण्याच्या चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोट करून पाडला, तेव्हा इथल्या शेजाऱ्यांनी घाबरून मला विचारलं होतं की आपला कुठला पूल पडला.

जायचं कधी आणि कसं?

मेट्रोने. पिवळ्या मार्गावर चांदनी चौक स्टेशन आहे, जांभळ्या मार्गावर लाल किला. खरेदीला जायचं असेल तर रविवार सोडून, कारण रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. रस्ता बघायला जायचं असेल तर मात्र रविवारीच, आणि सकाळी लवकर. शटर खाली असतात, पाट्या वाचाव्या लागत नाहीत आणि नजर आपोआप वरच्या मजल्यांकडे जाते: लोखंडी जाळीचे सज्जे, रंगीत काचा, कुठे भिंतीत उगवलेला पिंपळ.

हिवाळा असेल तर ‘दौलत की चाट’वाल्याला शोधा. नाव चाट, पण वस्तू गोड: रात्रभर थंडीत ठेवलेल्या दुधाचा घुसळून काढलेला फेस, वर केशर आणि खव्याचा चुरा. द्रोणातला पहिला चमचा तोंडात जातो आणि काही खाल्लं की नाही ते कळेपर्यंत विरघळलेला असतो. ऊन चढलं की फेस बसायला लागतो, त्यामुळे परातीतला माल संपवून तो निघूनही जातो. मग दुसऱ्या दिवशी यायचं.